बाळाच्या पहिल्या मसाल्यांसाठी कुडाळची कांडप गिरण: काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

जिरं, धणे, हळद आणि दालचिनी घ्यायला इथे डोळे मिटून जा. तयार ‘बाळमसाला’ आणि घुटीची डबी मात्र तिथेच ठेवून या. घाईत असलेल्यांना एवढं पुरे. ज्यांच्या घरात पाच-साडेपाच महिन्यांचं बाळ आहे आणि ‘आता पेजेत काय काय घालणार?’ हा प्रश्न सासू, आई, शेजारीण आणि मोबाइल अशा चारही बाजूंनी येतोय, त्यांनी पुढचं वाचावं.

गिरणीला धड पाटी नाही. बाजारात ‘कांडपवाल्या काकू’ म्हटलं की कोणीही वाट दाखवतं. आत मिरचीसाठी डंक, एक मोठी पिठाची गिरण आणि कोपऱ्यात वरी-राजगिरा दळायची उपासाची छोटी चक्की. एप्रिल-मे महिन्यांत इथे पाय ठेवायला जागा नसते. अख्ख्या पंचक्रोशीची मसाल्याची बेगमी तेव्हाच होते. बेडगी, संकेश्वरी, भाजलेले धणे, बडीशेप, दगडफूल, सगळं गोणपाटांत भरून रांगेत. त्या दिवसांत बाळाचं काही घ्यायला जाऊ नका, आणि बाळाला घेऊन तर मुळीच जाऊ नका. रस्त्यावरून जाणारासुद्धा शिंकतो.

मला हवं होतं एवढंच: एका वेळी एकच मसाला, ताजा, थोडा, आणि मिरचीचा स्पर्श नसलेला. सोपं वाटतं, पण दुकानात शोधायला गेलं की कळतं. पाकिटातल्या पुडीवर उत्पादनाची तारीख असते, पण आतलं जिरं दळायच्या आधी किती दिवस कुठे पडून होतं ते कळत नाही. आणि शंभर ग्रॅमचं पाकीट बाळाच्या चिमटीने संपायला पुढचा पावसाळा उजाडतो.

चिमटी म्हणजे खरंच दोन बोटांत मावेल तेवढी. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करताना आधी डाळ, अंडं, मासे, नाचणी, भाज्या यांबद्दल सांगितलं. मसाल्यांचा विषय शेवटी, तोही मी काढला म्हणून. वर्षाचं होईपर्यंत वरून मीठ नाही, साखर-गूळ नाही आणि मध तर चाटवायलाही नाही, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचं काही वाटत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. आता मीठही नाही आणि गोडही नाही म्हटल्यावर त्या उकड्या तांदळाच्या पेजेला चव कसली येणार? मसाल्याचं काम इथे सुरू होतं. पोषणासाठी तो लागतोच असं नाही, पण वास आणि चव तो आणतो, आणि बाळाला पुढे घरातलंच जेवायचं असतं.

तसं बाळाला हे सगळं अगदीच परकं नसतं. आई जे खाते त्याचे वास दुधात उतरतात. लसणाच्या बाबतीत तर 1991 साली प्रयोग करून हे दाखवलेलं आहे. माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी लसूण, शेपू, ओवा, बडीशेप यांचा असा मारा केला होता की आमच्या चेडवाला, म्हणजे मुलीला, जिऱ्याचा वास ओळखीचा वाटला असेल तर नवल नाही.

आता गिरणीबद्दल. मी पहिल्यांदा अर्धा पाव जिरं घेऊन गेले तेव्हा काकूंनी पिशवीत नाक घातलं आणि विचारलं, “किती म्हयन्यांचा बाळ?” मी सांगितलं. त्यांनी मुलाला हाक मारली, मोठी गिरण बंद करायला लावली (कारण तिचा धुरळा उडत होता) आणि उपासाच्या चक्कीचं झाकण उघडलं. ब्रशने आतला कोपरा न कोपरा झाडला. मग मूठभर तांदूळ आत टाकले. बाहेर आलेलं पीठ त्यांनी तळहातावर घेऊन मला दाखवलं. पांढऱ्यात अगदी पुसट तांबूस झाक होती. “कोणी उपासाक म्हणान मिरची घालून दळल्यानी आसतली,” काकू पुटपुटल्या आणि ते पीठ बाजूच्या डब्यात ओतलं. दुसरी मूठ टाकली, ती शुभ्र आली. मग माझं जिरं लोखंडी कढईत मंद आचेवर हलवलं, तडतडायच्या आत उतरवलं, परातीत पसरून गार केलं आणि नंतरच दळलं. गरम दळलं तर वाफ धरून पूड ओलावते, आणि आमच्या हवेत ओलावा म्हणजे बुरशीला आमंत्रण. पूड कागदावर आली तेव्हा तिचा रंग पाकिटातल्यापेक्षा फिका होता आणि वास मात्र हातभर लांबून येत होता.

दळणाचे वीस रुपये. तांदूळ त्यांचेच. एवढी मेहनत कोण करतं?

एक गंमत सांगते. धणे या चक्कीत दळून मिळत नाहीत, कारण आमच्याकडे उपासाला जिरं चालतं, धणे चालत नाहीत, आणि गिऱ्हाइकांनी पाहिलं तर कल्ला होतो. धण्यांसाठी काकूंनी वेगळं मिक्सरचं भांडं ठेवलंय, त्याला दोरा बांधलेला आहे. धणे पूड थोडी भरड येते, म्हणून घरी मलमलीच्या कपड्यातून चाळून घ्या. बाळाच्या घशात टरफल अडकायला नको. त्याच कारणाने अख्खे दाणे (मोहरी, मिरी, लवंग, जिरंसुद्धा) बाळाच्या ताटलीत कधीच येता कामा नयेत. फोडणी द्यायची तर तूप गाळून घालायचं.

हळद हा या गिरणीचा खरा मान. पुडीची हळद काकू विकतच नाहीत, हळकुंडं विकतात आणि समोर फोडून दळून देतात. हे महत्त्वाचं का, ते थोडं सविस्तर सांगते. हळद जास्त पिवळी दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट चोपडण्याचे प्रकार झालेले आहेत. बांगलादेशात तर त्यावर मोठं संशोधन झालं. लेड म्हणजे शिसं, आणि वाढत्या मेंदूला ते कितीही थोडं असलं तरी वाईटच. दालचिनीचंही तेच. 2023 मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या प्युरीच्या पाकिटांत शिसं सापडलं आणि ते आलं होतं त्यातल्या दालचिनीच्या पुडीतून. शेकडो मुलांना त्याचा त्रास झाला. म्हणून माझा हट्ट अख्ख्या मसाल्यांचा. एफएसएसएआय या आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने घरगुती तपासणीत सांगितल्याप्रमाणे हळकुंड पाण्याच्या ग्लासात सोडून बघायचं. शुद्ध असेल तर पाणी लगेच पिवळं होत नाही, वरून रंग चोपडला असेल तर टाकल्याबरोबर पिवळा जर्द रंग सुटतो. काकूंच्या हळकुंडांनी पाणी स्वच्छ ठेवलं. दिसायला ती मळकट, वाकडीतिकडी, आणि माझ्या मते तीच त्यांची खूण. चकचकीत हळकुंडाला मी आता हातही लावत नाही.

आमच्याकडे पहिल्यांदा हळद गेली ती मुडदुशीबरोबर. मुडदुशी म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला द्यायचा मऊ, पांढरा मासा. हळद लावून वाफवायचा, काटे बोटांनी चाचपून चाचपून काढायचे आणि मऊ भातात कुस्करायचा. मीठ नसल्याचं मोठ्यांच्याच लक्षात येतं, बाळाच्या नाही. वाफवताना भांड्याच्या तळाला हळदीचं पान घातलंत तर उत्तम. पातोळ्यांसाठी परसात लावलेली हळद श्रावणाआधीही वापरता येते, आणि पान बाळाच्या तोंडात जात नाही, फक्त वास राहतो. ही माझ्या सासूबाईंची युक्ती, आणि त्यांच्या बाकीच्या युक्त्यांपेक्षा कितीतरी बरी.

दालचिनीच्या बाबतीत गिरणीत दोन डबे आहेत आणि नीट विचारल्याशिवाय तुम्हाला स्वस्त डब्यातली मिळेल. जाड, टणक, एकाच थराची साल मसाल्याच्या गिऱ्हाइकांसाठी. ती कॅसिया. दुसरी पातळ, कागदासारखे थर एकात एक गुंडाळलेली, बोटांनी मोडते, वास गोडसर. ती इथल्याच बागेतली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ ही जात आता बऱ्याच नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून दिसते. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ ऐकून असाल, त्यात जायफळ, मिरी यांच्याबरोबर दालचिनी असतेच. कॅसियामध्ये कुमारिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं आणि ते यकृताला त्रास देऊ शकतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा दर किलो वजनामागे 0.1 मिलीग्रॅम ठेवली आहे, म्हणजे आठ किलोच्या बाळाला जेमतेम 0.8. रोज रताळ्यात दालचिनी घालणार असाल तर पातळ सालच घ्या. दुप्पट पैसे पडतात, पण लागते किती? आणि दालचिनीने तोंडाभोवती जरा लाली आली तर घाबरून जाऊ नका, ती पुष्कळदा त्वचेला नुसती झोंबते. मात्र अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, सारख्या उलट्या झाल्या किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय असं वाटलं तर घरचे उपाय न करता थेट दवाखाना.

याच कारणासाठी ‘बाळमसाला’ नको. काकूंच्या सुनेने काढलेली ही नवी कल्पना. छोटी बाटली, गुलाबी झाकण, वर रांगणाऱ्या बाळाचं चित्र. आत जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, वेलची, जायफळ, हिंग. वास सुरेख, मी स्वतः चहात घालून प्यायले. पण बाळाला एका वेळी एकच नवी गोष्ट द्यायची आणि दोन-तीन दिवस थांबून बघायचं, हा साधा नियम या बाटलीने मोडतो. पुरळ आलं तर सातांतला कोणता चोर धरायचा? शिवाय त्यातला हिंग. बाजारात मिळणारा हिंग बहुधा निव्वळ नसतो, त्यात डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. काकूंच्या हिंगाच्या डब्यावर गव्हाचं पीठ स्पष्ट छापलेलं आहे. म्हणजे ज्या बाळाने अजून गहू खाल्लेला नाही त्याला तो हिंगातून आधीच मिळाला. मी सुनेला हे सांगितलं. तिने मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बाटली दाखवली. धंदा आहे, चालायचंच.

जायफळावर मात्र काकू आणि मी एका बाजूला. गिऱ्हाईक बाई म्हणाली, रात्री उगाळून दिलं की पोर गाढ झोपतं. काकू फटकन म्हणाल्या, “जायफळ चवीक, निजवूक नाय.” बरोबर बोलल्या. जायफळातला मिरिस्टिसिन जास्त झाला की झोप लागत नाही, विषबाधा होते, आणि सहाणेवर किती वेढे घेतले त्यावर मात्रा ठरते म्हटल्यावर हिशेब कोण ठेवणार? बासुंदीत मोठ्यांनी खावं.

एवढं ठणकावणाऱ्या काकू घुटीची डबी मात्र समोरच्या फळीवर मांडून ठेवतात, हे मला झेपत नाही. हळकुंड, सुंठ, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, डिकेमाली, जायफळ आणि वेखंड. आमच्या आज्या-पणज्यांनी दिली, आम्ही वाढलो, हे सगळं मान्य. पण घुटी बहुतेक घरांत सहा महिन्यांच्या आधीच सुरू होते, म्हणजे ज्या काळात दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नसतं. सहाण धुतलेली असते का, हा आणखी वेगळा प्रश्न. आणि वेखंडात बीटा-असारोन नावाचं घातक द्रव्य असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1968 मध्येच खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. वेखंडाची पूड बाळाच्या टाळूला, अंगाला लावतात, तीही श्वासात जाऊ नये असं मला वाटतं. सासूबाईंना हे पटलेलं नाही. घरात त्यावर तह झालेला आहे आणि तहाच्या अटी मी इथे लिहीत नाही.

फळीवर चक्रीफूलही असतं. पोटदुखीवर त्याचं पाणी देतात असं कोणी सांगितलं तर कान बंद करा. दिसायला तसंच असणारं जपानी चक्रीफूल विषारी असतं, भेसळ नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि 2003 मध्ये अमेरिकेत अशा चहांनी बाळांना झटके आल्यावर सरकारने इशारा काढला होता.

मेतकुटाला चांगले गुण. काकूंचं मेतकूट बिनमिठाचं, बिनमिरचीचं असतं, हे आधी विचारून घ्या कारण सणासुदीला बनवतात त्यात दोन्ही असतं. मऊ भात, वर पातळ तूप आणि मेतकूट हा कोकणातल्या प्रत्येक मुलाचा हक्क आहे. पण त्यात गहू, हरभरा, उडीद, मोहरी, मेथी, हिंग असं बरंच काही आहे, म्हणून ते पहिल्या महिन्यात नको. त्यातली एक एक गोष्ट पोटात गेली, पचली, की मग. आमच्याकडे आठवा महिना सरताना सुरू केलं आणि आता ताटलीत ते दिसलं नाही तर तक्रार येते.

नाचणीचं सत्त्वही इथे मिळतं. मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ केलेलं. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास, म्हणून ती चांगलीच. त्यात वेलची आधीच मिसळलेली नको असेल तर साधं मागा. वेलचीचे दाणे मी घरी खलबत्त्यात कुटते, साल नाही. साखर न घालता नाचणी, वेलची केळं आणि एवढीशी वेलचीची पूड, बस्स.

कोकमाकडे कितीही मन ओढलं तरी थांबा. आमसुलं बहुधा मीठ लावून वाळवलेली असतात आणि आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, तर मिठाचा मारा असतो, तेव्हा ‘सोलकढीचं एक बोट’ वर्षाच्या आत नको. तिरफळही नको. बांगड्याच्या तिखल्यात ते हवंच, पण मोठ्यांची जीभ बधिर करणारी वस्तू बाळाला कशाला? मालवणी मसाल्याबद्दल तर बोलायलाच नको, तरी काकूंना रोज कोणीतरी विचारतंच की “अगदी थोडा चालेल ना?”

हिरव्या गोष्टी गिरणीत मिळत नाहीत आणि मिळायची गरजही नाही. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, ओव्याचं पान, आलं हे परसातलंच बरं. स्वच्छ धुवा, शिजतानाच घाला, वरून कच्चं भुरभुरू नका. पुडीचे मसालेसुद्धा शिजतानाच, कारण सुक्या मसाल्यात साल्मोनेला हा जिवाणू टिकून राहू शकतो आणि एक उकळी त्याला पुरते. कोथिंबिरीची चव आमच्या चेडवाने सुरुवातीला थुंकून टाकली. नवी चव आवडायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते असं सांगतात. मी डाळीत घालत राहिले, तोंड वाकडं करणं हळूहळू बंद झालं.

तक्रारी? आहेत. दुपारी एक ते चार गिरण बंद, आणि मी शाळेतून सुटते तेव्हा नेमकी रांग. पावती देत नाहीत. सुनेच्या बाटल्यांवर दळल्याची तारीख नाही आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांकही नाही. बाळाच्या नावाने विकायचं तर निदान एवढं हवं. पातळ पिशवीत पूड देतात, तिला तुमच्या सायकलच्या हँडलपर्यंतही दम नसतो. पाऊस लागला की मोबाइलने पैसे जात नाहीत, सुटे न्या.

जूनच्या आधी जाणार असाल तर पन्नास ग्रॅमच्या वर काही दळून घेऊ नका. हळकुंडं आणि दालचिनी अख्खीच आणून ठेवा, बाकी लागेल तसं. काचेची कोरडी बाटली घरून न्या, काकू गार झालेली पूड थेट तिच्यात भरतात. आणि उपासाची चक्की एकादशीच्या आदल्या दिवशी मोकळी मिळत नाही.